आधीं कान, मग कर्णा

श्रावण लागला म्हणजे रत्नागिरीच्या वाड्यावाड्यांतून संध्याकाळीं ढोलकी ऐकूं येऊं लागते. गणपति जवळ आलेले असतात. कोठें जाखडीची तालीम चालते, कोठें भजनाची, तर कोठें शाळकरी मुलेंमुली मिळून गाण्याबजावण्याचा कार्यक्रम बसवीत असतात. अशाच एका तालमीस जाण्याचा योग मला आला. जागा म्हणजे एका कौलारू घराची लांबट पडवी. ढोलकी, बेंजो, कीबोर्ड व झांजा एवढें साहित्य, आणि गाणारी नववींतील एक मुलगी. वाद्यें सुरू होईपर्यंत तिचा आवाज स्वच्छ ऐकूं येत होता. वाद्यें सुरू झालीं आणि तिचे ओठ तेवढे हलतांना दिसूं लागले. ती जोर करून गाऊं लागली. तें पाहून ढोलकीवाल्यास चेव आला. ढोलकी चढली म्हणून बेंजोवाल्यानें आपल्या यंत्राची कळ पिळली. तिसऱ्या दिवशीं मुलीचा घसा बसला. चौथ्या दिवशीं तिचे वडील मला वाटेंत भेटले व म्हणाले, "सर, मोठा साउंडचा सेट घ्यावा म्हणतों. थोडें कर्ज काढावें लागेल; पण पोरीचा गळा तरी वांचेल. तुम्हांला काय वाटतें?"

त्या प्रश्नाचें उत्तर मीं त्या वेळीं तोंडीं दिलें. तेंच येथें जरा विस्तारानें लिहीत आहें. कारण हा प्रश्न एका घरचा नाहीं. आपल्या जिल्ह्यांत ज्या ज्या घरीं एखादें मूल गातें, त्या त्या घरीं तो केव्हांना केव्हां येतोच.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मनुष्याचा कंठ मुळांत दुर्बळ आहे म्हणून तो वाद्यांखालीं दडपतो, असें नव्हे. ता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला, तेव्हां ध्वनिवर्धक हें यंत्र जगांत कोठेंच नव्हतें. विजेच्या साह्यानें मोठा केलेला आवाज हजारोंच्या समुदायास ऐकविल्याचा एक आरंभींचा गाजलेला प्रसंग अमेरिकेंतील सॅन फ्रॅन्सिस्को शहरीं ता. २४ डिसेंबर १९१५ रोजीं घडला. पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम या दोघांचें तें यंत्र होतें. म्हणजे मधल्या पस्तीस वर्षांत तरी आपले गायकनट केवळ स्वतःच्या गळ्यावर शेवटच्या रांगेपर्यंत पोंचत असत. तें कसें साधत असे? साथीला ऑर्गन असे, सारंगी असे, तबला असे; परंतु नटानें पद उचललें कीं साथ एक पायरी खालीं उतरे. 'साथ' या शब्दाचा अर्थच तो आहे. जी गाणाराच्या पुढें धांवते ती साथ नव्हे, ती शर्यत होय.

आमच्या पडवींत शर्यतच चालली होती. आणि या शर्यतीचें शास्त्रीय कारणहि ठाऊक आहे. १९११ सालीं एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्यानें असें दाखवून दिलें कीं, भोवतालचा गलका वाढला म्हणजे बोलणारा मनुष्य नकळत आपला आवाज चढवितो, आणि गलका थांबला कीं तो आपोआप खालीं आणतो. यांत त्याच्या इच्छेचा प्रश्न नसतो. कान व कंठ यांचें तें आपसांतील संधान आहे. गाणाऱ्या मुलीस स्वतःचा आवाज ऐकूं येईना, म्हणून तिचा गळा तिला न विचारतांच ताणला गेला. आपल्या कंठांत ज्या दोन स्वररज्जु आहेत त्या गातांना सेकंदाला शेंकडों वेळां एकमेकींना भिडतात. ओरडून गाइल्यास त्यांना सूज येते व आवाज घोगरा होतो.

यावरून जो निष्कर्ष निघतो तोच या लेखाचें सार आहे. तालमींतील माइक हा श्रोत्यांसाठीं नसतो. तो गाणाराच्या स्वतःच्या कानासाठीं असतो. त्याला आपलें गाणें आपल्याला ऐकूं आलें म्हणजे काम झालें. हें एकदां उमगलें कीं मोठ्या संचाची गरज उरत नाहीं व कर्जहि टळतें.

आतां खर्चावांचून होणारे उपाय आधीं पाहूं. आपलीं घरें जांभ्याचीं. भिंती गिलाव्याच्या, खालीं फरशी किंवा कोबा. अशा कठीण पृष्ठभागांवरून ध्वनि चेंडूसारखा परत फिरतो आणि सगळा कल्लोळ खोलींतच घुमत राहतो. म्हणून भिंतींवर व दारांवर जाड गोधड्या टांगाव्या, खालीं सतरंजी अंथरावी. ढोलकीवाल्यानें कोपऱ्यांत बसूं नये. कोपऱ्यांतील दोन भिंती तिचा घुमारा आणखी वाढवितात. गाणारा व ढोलकी यांच्यामधील अंतर वाढवावें. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट केलें कीं ध्वनि सहा डेसिबलांनीं उतरतो. खोलींत तो इतका उतरत नाहीं, तथापि फरक जाणवतो. डेसिबल हें ध्वनीचें माप असून एका मीटरावरून चाललेलें साधें संभाषण सुमारें साठ डेसिबलांचें असतें.

यानंतर वाद्यांचा मेळ. ढोलकीला कळ नसते. वादकाचा हात हीच तिची कळ. म्हणून ढोलकी बेताच्या हातानें वाजवावयास सांगून तिच्या मानानें बेंजो व कीबोर्ड यांच्या कळा ठरवाव्या, आणि मग त्यांना कोणी हात लावूं नये. जाखडीचा शिरस्ता येथें आठवावा. तींत गाणारे व वाजविणारे मध्यें बसतात आणि नाचणारे त्यांच्या भोवतीं फेर धरतात. शाहिराचा शब्द फेरांतील शेवटच्या गड्यास ऐकूं गेला नाहीं तर पाऊल चुकतें. शब्द ऐकूं येणें ही ज्या कलेची पहिली अट आहे, तिच्या प्रांतांत आपण वाद्यांना शब्दावर बसूं द्यावें हें योग्य नव्हे.

एवढें करूनहि गाणें पुरतें ऐकूं येणार नाहीं. कारण बेंजो व कीबोर्ड विजेवर बोलतात आणि कंठ एकटा पडतो. येथें माइक हवा. पण माइक आणून तो घरांतील गाणीं ऐकावयाच्या यंत्रास जोडला कीं बहुतेकांची निराशा होते. आवाज येतो तो कुजबुजीसारखा. याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. साध्या माइकांत एक पातळ पडदा असतो व त्यास तारेचें बारीक वेटोळें चिकटविलेलें असतें. हें वेटोळें लोहचुंबकाच्या दोन टोंकांमध्यें असतें. आवाजानें पडदा हलला कीं वेटोळें हलतें व तारेंत वीज उत्पन्न होते. परंतु ही वीज फार थोडी, म्हणजे एका व्होल्टाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबांत मोजावी लागेल इतकीच असते. कीबोर्डांतून निघणारी वीज याच्या शेंकडों पट असते. घरगुती यंत्राचें तोंड कीबोर्डासारख्या मोठ्या विजेसाठीं केलेलें असल्यामुळें माइकाची वीज त्यास मिळून न मिळाल्यासारखी होते. म्हणून माइक व मुख्य ध्वनिवर्धक यांच्यामध्यें ती बारीक वीज आधीं मोठी करणारी एक पायरी लागते. कित्येक ध्वनिवर्धकांत ती पायरी आंतच बसविलेली असते आणि त्या छिद्राजवळ 'माइक' असें लिहिलेलें असतें. विकत घेतांना वा उसनें आणतांना पहिली चौकशी याच छिद्राची करावी. तें नसेल तर बाकीचे गुण निरुपयोगी आहेत.

कोणतें यंत्र चालेल? गिटारचा ध्वनिवर्धक मिळाल्यास अडीनडीला काम भागतें, पण त्याचा स्पीकर गिटारसाठीं केलेला असल्यामुळें वरच्या पट्टींतील बारीक ध्वनि तो गाळतो. 'स', 'श', 'त' यांसारख्या व्यंजनांची ओळख याच बारीक ध्वनींत असते. ते गेले कीं सूर ऐकूं येतो आणि शब्द हरवतात. कीबोर्डचा ध्वनिवर्धक या दृष्टीनें बरा. चाकांवर ओढून नेण्याजोगी, बॅटरीवर चालणारी कराओकेची पेटीहि तालमीस पुरेशी होते. मात्र तिच्यांतील प्रतिध्वनीची कळ तालमीच्या वेळीं शून्यावर ठेवावी, नाहींतर चुकलेला सूर झांकला जातो. आणि माइक तारेनेंच जोडावा. मोबाइलमध्यें गाऊन तो आवाज ब्लूटूथनें पेटींत पाठविण्याची युक्ति मुलें काढतात. त्या मार्गानें आवाज पुष्कळदां एक दशांश सेकंद किंवा त्याहून अधिक उशिरां पोंचतो. ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणजे आपलेंच गाणें चौतीस मीटरांवरून, पलीकडच्या आळींतून ऐकल्यासारखें तें होतें. अशा वेळीं ताल सुटणारच.

माइक घेतांना चुंबकाचा साधा घ्यावा. तो मजबूत असतो, हातांतून पडला तरी सहसा बिघडत नाहीं, आणि त्यास बाहेरून वीज पुरवावी लागत नाहीं. कंडेन्सर जातीचा माइक अधिक नाजुक असून त्याच्या बहुतेक प्रकारांस तारेंतून अठ्ठेचाळीस व्होल्ट पुरवावे लागतात. लहान यंत्रांत ती सोय बहुधा नसते. पैसा थोडा असल्यास तो चांगल्या तारेवर व चांगल्या पिनांवर खर्चावा. आपल्या समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानें हलक्या पिना लौकर गंजतात आणि मग सगळ्या दोषाचें खापर माइकावर फुटतें. काम झालें कीं माइक व तार पुसून झांकणाच्या कोरड्या डब्यांत ठेवावी.

आतां वॅटांविषयीं. दुकानांत जास्त वॅटांचें यंत्र पाहून मन ओढ घेतें. परंतु कानाचा हिशेब निराळा आहे. यंत्राची शक्ति दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबलांनीं वाढतो व तो फरक कानास जेमतेम कळतो. आवाज 'दुप्पट मोठा' वाटावयास शक्ति सुमारें दसपट लागते. याउलट माइक तोंडाजवळ आणण्यास कांहींच पडत नाहीं. एक वीत म्हणजे बारा अंगुळें. वीतभर दूर धरलेला माइक सहा अंगुळांवर आणला कीं सहा डेसिबल वाढतात. तीन अंगुळांवर आणला कीं आणखी सहा. एकूण बारा डेसिबल म्हणजे शक्तीच्या हिशेबानें जवळजवळ सोळापट! दहा वॅटांचें यंत्र मनगटाच्या एका हालचालीनें एकशें साठ वॅटांचें काम करूं लागतें. ज्या कर्जाचा विचार त्या वडिलांच्या मनांत घोळत होता, तें या नऊ अंगुळांत फिटतें. फार जवळ धरल्यास मात्र खर्ज फुगतो आणि 'प', 'फ', 'भ' म्हणतांना फुंकर बसते. म्हणून माइक ओठांच्या अगदीं समोर न ठेवतां किंचित् एका बाजूस ठेवावा.

यानंतर सर्वांच्या परिचयाची ती कर्कश शिट्टी. स्पीकरांतून निघालेला आवाज पुन्हां माइकांत शिरतो, पुन्हां मोठा होऊन स्पीकरांतून निघतो, आणि हें चक्र क्षणांत इतकें वाढतें कीं यंत्र किंचाळूं लागतें. सोरेन लार्सेन या डॅनिश पदार्थविज्ञानवेत्त्याच्या नांवावरून या चक्रास 'लार्सेन परिणाम' असें नांव आहे. यंत्र बिघडलेलें नसतें. मांडणी चुकलेली असते. गाण्याचा माइक बहुधा पुढून ऐकतो व पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो. म्हणून स्पीकर माइकाच्या पाठीशीं, गाणाराकडे तोंड करून ठेवावा. तो जमिनीवर न ठेवतां स्टुलावर, बसलेल्या गाणाराच्या कानाच्या उंचीस ठेवावा. म्हणजे थोड्या आवाजांत त्याला अधिक ऐकूं येतें. माइकाच्या जाळीवर मूठ आवळूं नये; तसें केल्यास तो सर्व बाजूंनीं ऐकूं लागतो व शिट्टी ओढवून घेतो. आणि नको असलेले माइक बंद करावे; उघडे माइक दुप्पट झाले कीं शिट्टीवांचून आवाज वाढविण्याची मुभा तीन डेसिबलांनीं घटते. आधीं माइकाची कळ हळूहळू वाढवीत जावें, शिट्टी लागण्याच्या खुणेस थांबावें आणि तेथून थोडें मागें यावें. तीच तालमीची खरी मर्यादा.

पालकांनीं विजेची सुरक्षितता स्वतः पाहावी. घरांतील वीज दोनशें तीस व्होल्टांची असते. माइकाची जाळी धातूची, ती ओठांस लागते, आणि पावसाळ्यांत पडवी ओली असते. यंत्राची जोडणी सदोष असेल तर हा योग प्राणघातक ठरूं शकतो. तीन टोंकांच्या पिनेचें तिसरें, जाड टोंक आर्थिंगचें असतें. बोर्डांत बसत नाहीं म्हणून तें काढून टाकूं नये. आर्थिंग चालू आहे कीं नाहीं हें वायरमनकडून तपासून घ्यावें. मुलांनीं ओल्या फरशीवर अनवाणी उभें राहून माइक धरूं नये. सुरुवात करतांना ध्वनिवर्धक सर्वांच्या शेवटीं चालू करावा आणि आवरतांना सर्वांच्या आधीं बंद करावा. म्हणजे धक्क्यानें स्पीकर फाटत नाहीं.

कानांचीहि काळजी घ्यावी. अमेरिकेंतील कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेच्या शिफारशीप्रमाणें पंच्याऐंशी डेसिबलांत आठ तास ही सीमा आहे. पुढें दर तीन डेसिबलांस वेळ निम्मा होतो. अठ्ठ्याऐंशीस चार तास, एक्क्याण्णवास दोन, चौऱ्याण्णवास केवळ एक. माप नसलें तरी एक खूण सोपी आहे. हातभर अंतरावरील सोबत्याशीं ओरडून बोलावें लागलें, तर पंच्याऐंशी ओलांडले असें समजावें. शिवाय शेजारीहि मनुष्य आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनीं वस्तींत दिवसा पंचावन्न व रात्रीं पंचेचाळीस डेसिबलांची मर्यादा घातली आहे, आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई केली आहे. सणासुदीच्या कांहीं ठराविक दिवसांपुरती सवलत सरकार देऊं शकतें. पण तालीम म्हणजे सण नव्हे.

आतां त्या पडवीची हकीगत पुरी करतों. कर्ज काढलें गेलें नाहीं. वाडीच्या भजनमंडळाच्या पेटाऱ्यांत एक जुना माइक पडून होता, तो मागून आणला. कीबोर्डवाल्या मुलाच्या ध्वनिवर्धकास माइकाचें निराळें छिद्र होतेंच. इतके दिवस त्याच्याकडे कोणाचें लक्ष गेलें नव्हतें. विकत घेतली ती फक्त एक तार. गोधड्या घराघरांतून आल्या. पहिल्या संध्याकाळीं स्पीकर मुलीच्या कानासमोर स्टुलावर ठेवून दोन ओळी गावयास सांगितल्या. ती गातां गातां एकदम थांबली. मीं विचारलें, "काय झालें ग?" ती म्हणाली, "सर, मी इतका वेळ किती चढं गात होतें, तें आत्तां कळलं."

तिचा घसा मात्र लगेच सुटला नाहीं. डॉक्टरांनीं आठ दिवस गाणें बंद ठेवावयास सांगितलें. त्या आठ दिवसांत बाकीच्या मुलांनीं तिच्यावांचून, पण तिची जागा मोकळी ठेवून, हलक्या हातानें वाजविण्याचा सराव केला. चतुर्थीस ती सहाऐवजीं चारच गाणीं गाइली. परंतु त्या चारांतील प्रत्येक शब्द अंगणाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांना ऐकूं गेला. ढोलकीवाला मुलगा कार्यक्रमानंतर माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, आज मला पण तिचं गाणं पहिल्यांदाच ऐकूं आलं."

विद्यार्थिमित्रहो, माझ्या मतें त्या रात्रींचें खरें यश याच वाक्यांत आहे. यंत्र आवाज वाढवितें, पण ऐकण्याची संवय लावीत नाहीं. ती आपली आपणच लावून घ्यावी लागते. आणि पालकांस एवढीच विनंति कीं, मुलाचा गळा बसला म्हणून बाजार गांठण्यापूर्वीं एक संध्याकाळ त्याच्या तालमींत जाऊन बसावें व नुसतें ऐकावें. घसा दोन-तीन आठवड्यांत सुटला नाहीं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांस दाखवावें. बाकीच्या गोष्टींस आधीं कान लागतो. कर्णा मागाहून आणला तरी चालतो.